शिळ्या उत्तराची कुळकथा

बडोद्याच्या समा-सावली रस्त्यावरच्या एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीत आज नवखी पोरंही वेब एपीआयच्या कोडमध्ये दोन ओळी टाकतात आणि रिस्पॉन्स कॅशिंगचं मिडलवेअर जोडून मोकळी होतात. तोच प्रश्न दुसऱ्यांदा आला की डेटाबेसला न उठवता मघाचंच उत्तर परत जातं. ही सोय मायक्रोसॉफ्टने एएसपी डॉट नेट कोअरच्या 1.1 आवृत्तीत, म्हणजे 2016च्या अखेरीस दिली. पण या कल्पनेचं घराणं त्याहून पन्नास वर्षांनी जुनं आहे.

केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी 1965 साली जेमतेम दोन पानांचा लेख लिहिला. मोठ्या, संथ मेमरीच्या पुढे छोटी आणि चपळ मेमरी ठेवावी, लागेल ते तिच्यात आपोआप येत जावं, एवढीच कल्पना. 1968 मध्ये आयबीएमने जाहीर केलेल्या सिस्टिम/360च्या मॉडेल 85 यंत्रात ती उतरली.

बडोदेकराला यात नवल वाटू नये. महाराजा सयाजीरावांनी 1910 साली अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांना बोलावून ग्रंथालयांचं जाळं उभारलं, तेव्हा गावोगावी पुस्तकांच्या पेट्या फिरत. वाचकाने मध्यवर्ती ग्रंथालयात यायचं नाही, पुस्तकाने त्याच्याजवळ जायचं. फरक इतकाच की छापलेलं पुस्तक पेटीत बदलत नाही. एपीआयचं उत्तर बदलतं. खरी डोकेदुखी तिथून सुरू होते.

वेबवर हा प्रश्न लगेच उभा राहिला. 1994 साली आरी लुओटोनेन आणि केव्हिन आल्टिस यांनी सर्नच्या प्रॉक्सी सर्व्हरची मांडणी केली: संस्थेतल्या एकाने आणलेलं पान तिथेच साठवायचं, पुढच्यांना तेच द्यायचं. आपल्याकडे व्हीएसएनएलने 15 ऑगस्ट 1995 रोजी इंटरनेट लोकांसाठी खुलं केलं. डायल-अपचा तो आवाज ज्यांनी ऐकलाय, त्यांना साठवलेल्या पानाची किंमत वेगळी सांगायला नको.

पण साठवलेलं पान शिळं कधी झालं म्हणायचं? मे 1996च्या एचटीटीपी 1.0 मध्ये उत्तरावर मुदतीची तारीख-वेळ लिहिलेली असे. दोन यंत्रांच्या घड्याळांत तफावत असली की ताजं उत्तर शिळं ठरे, नाहीतर शिळं ताजं म्हणून खपे. जानेवारी 1997च्या एचटीटीपी 1.1 ने ‘कॅश-कंट्रोल’ हेडर आणला. त्यात ‘मॅक्स-एज’ नावाने मुदत थेट सेकंदांत सांगता येऊ लागली. सोबत आला ईटॅग, म्हणजे उत्तराच्या आवृत्तीची खूण. खूण जुळली की सर्व्हर अख्खं उत्तर न पाठवता नुसतं 304, म्हणजे ‘बदल नाही’, एवढंच कळवतो. माझ्या मते या घराण्यातली सगळ्यात हुशार पिढी हीच.

2016चं मिडलवेअर याच नियमांचं कट्टर पालन करतं. फक्त गेट आणि हेड विनंत्या, उत्तर 200चंच, म्हणजे यशस्वी हवं, विनंतीत ऑथरायझेशन हेडर नको, उत्तरात कुकी बसवलेली नको. म्हणजे लॉगिनचं टोकन लावून येणाऱ्या एपीआयला ते जोडून उपयोग शून्य. शिवाय विचारणाऱ्याने ‘नो-कॅश’, म्हणजे साठवलेलं नको, म्हटलं तर तेही निमूटपणे ऐकतं. सर्व्हरचं ओझं कमी करायला माणूस आणायचा आणि त्याने गिऱ्हाइकाच्या एका शब्दावर काम थांबवायचं, हा प्रकार अनेकांना खटकला, आणि रास्तच खटकला. नोव्हेंबर 2022 मध्ये डॉट नेट 7 सोबत आउटपुट कॅशिंग आलं. त्यात निर्णय सर्व्हरचा असतो, आणि टॅग लावून ठेवले तर मूळ माहिती बदलताच नेमकी तीच उत्तरं काढून टाकता येतात.

तेव्हा सर्व्हरवरचा भार हलका करायचा असेल, तर सरळ आउटपुट कॅशिंग घ्या. जुनंच मिडलवेअर ठेवणार असाल, तर उत्तरासोबत ‘एज’ हेडर येतो का ते आधी पाहा; तो आला म्हणजे उत्तर साठवणीतलं. तपासताना ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधली कॅश बंद करण्याची खूण मात्र काढून ठेवा. ती असेल तर ब्राउझर दर विनंतीला ‘नो-कॅश’ पाठवतो.