देवाऱ्यातला घोडेस्वार

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिशांनी ६० लाखांहून जास्त चांदीची पदकं वाटली. नाव 'ब्रिटिश वॉर मेडल'. एका बाजूला राजा पाचवा जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला संत जॉर्ज आणि १९१४, १९१८ ही सालं. घोड्याच्या टापांखाली गरुडाची ढाल आणि एक कवटी. पदकाचा व्यास ३६ मिलिमीटर, म्हणजे जुन्या चांदीच्या रुपयापेक्षा थोडा मोठा. यातली हजारो पदकं आपल्याकडच्या शिपायांना मिळाली, आणि त्यातली कितीतरी सोनारांच्या मुशीत वितळून गेली. चांदी ती चांदी.

एक वितळलं नाही. ते चिपळूणला माझ्या आजोळच्या देवाऱ्यात होतं.

माझी आजी घाटावरची, कराडकडची. पालीचा खंडोबा हे तिच्या माहेरचं दैवत. लग्न होऊन ती चिपळूणला आली तेव्हा सासरच्या चांदीच्या डब्यात तिला हा घोडेस्वार सापडला. घोडा आहे, स्वार आहे, खाली कुणीतरी तुडवलं गेलंय. म्हणजे खंडोबाच. तिने तो टाकांच्या शेजारी ठेवला आणि साठेक वर्षं त्याला हळद वाहिली. हा खंडोबा पूर्ण उघडा आहे हे हळदीच्या थरामुळे कुणाच्या लक्षात आलं नसावं. पदक अडकवायची वरची पट्टी सोनाराने केव्हाच काढून टाकली होती, त्यामुळे ते नाण्यासारखंच दिसायचं.

पदकाची कड मी पहिल्यांदा नीट पाहिली ती २०२१ च्या पुरानंतर. जुलैमध्ये वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, आजोळच्या घराचा तळमजला बुडाला. मी पुण्याहून साफसफाईला गेलो होतो. देव घासताना कडेवर इंग्रजी अक्षरं दिसली. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून फोटो काढले, कॉन्ट्रास्ट वाढवला आणि वाचता आलं: एक नंबर, मग 'सिपॉय', मग एक मराठी माणसाचं नाव, मग '११७ मराठाज'.

ते नाव मी इथे देत नाही. त्यांच्या घरच्यांची तशी इच्छा आहे.

ही पदकं कोरी नसतात, ही त्यांची खासियत. प्रत्येकाच्या कडेवर मालकाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. म्हणजे आमच्या देवाऱ्यात साठ वर्षं दुसऱ्याच माणसाचं नाव होतं. आणि ते आमच्याकडे कसं आलं असेल याचा अंदाज बांधायला फार डोकं लागत नव्हतं. माझ्या आईच्या पणजोबांचा व्यवसाय सराफी आणि गहाणवट.

शाळेत आपण दख्खनचे दंगे शिकतो. १२ मे १८७५, पुणे जिल्ह्यातलं सुपे. शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली, मग सरकारने १८७९ साली शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला. तो धडा वाचताना मी अर्थातच शेतकऱ्यांच्या बाजूने होतो. पदकाची कड वाचल्यावर पहिल्यांदा वाटलं, की आपलं घर त्या धड्याच्या दुसऱ्या बाजूला होतं.

पुढचं काम मला एखाद्या बगचा माग काढण्यासारखं वाटलं, म्हणून ते जमलं. नंबर हा महत्त्वाचा धागा. पलटणीत एकाच नावाचे चार शिपाई असू शकतात, नंबर सहसा एकाचाच. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या वेबसाइटवर दोन्ही महायुद्धांत मेलेल्या सैनिकांच्या नोंदी कुणालाही फुकट पाहता येतात. शिपाई जिवंत परतला असता तर तिथे काहीच सापडलं नसतं. नाव आणि पलटण टाकली. तीन जण आले. एकाचा नंबर जुळला. मृत्यू जानेवारी १९१६. स्मारक: बसरा.

११७ वी मराठा पलटण पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमधली. नोव्हेंबर १९१४ मध्ये इराकच्या दक्षिण टोकाला फाओ इथे जी पहिली ब्रिगेड उतरली, तिच्यात ही पलटण होती. तेव्हा त्या मुलखाला मेसोपोटेमिया म्हणत. हेतू होता इराणच्या आखातातलं तेल आणि बसरा बंदर सांभाळणं. ते झालं, मग हाव वाढली आणि फौज तैग्रिस नदीच्या काठाकाठाने बगदादच्या दिशेने निघाली. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफोन इथे तुर्कांनी तिला थोपवलं. जनरल टाउनशेंड मागे सरकला आणि नदीच्या वळणातल्या कुत गावात अडकला. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा जवळपास पाच महिने वेढा. आत शेवटी शेवटी घोडे कापून खायची वेळ आली. बाहेरून सोडवायला आलेल्या फौजेची हजारो माणसं पडली, तरी वेढा फुटला नाही. जवळपास १३ हजार लोकांनी शरणागती पत्करली, त्यात बहुसंख्य हिंदुस्थानी होते. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी त्या वेढ्यात होत्या. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडची पोरं.

आपला शिपाई शरणागतीपर्यंत पोचलाच नाही. वेढ्याचा दुसरा महिना सुरू असताना तो गेला.

बसऱ्याचं स्मारक १९२९ साली उभं राहिलं. मेसोपोटेमियात ज्यांची कबर माहीत नाही अशा ४० हजारांहून अधिक लोकांसाठी. त्याच्या भिंतींवर ब्रिटिशांची नावं कोरलेली आहेत, हिंदुस्थानी अधिकाऱ्यांचीही आहेत. साध्या हिंदुस्थानी शिपायांची नाहीत. पलटणीचं नाव आणि पुढे किती जण गेले तो आकडा. अशी आकड्यात मिटवलेली माणसं ३३ हजारांहून अधिक. एप्रिल २०२१ मध्ये कमिशनच्याच एका समितीने अहवाल देऊन हे मान्य केलं: आफ्रिका, आशिया आणि मध्यपूर्वेतले किमान १ लाख १६ हजार आणि कदाचित साडेतीन लाखांपर्यंत लोक नावानिशी किंवा अजिबातच नोंदले गेले नाहीत. म्हणजे आमच्या शिपायाचं नाव धातूवर किंवा दगडावर ठोकलेलं असेल तर ते बहुधा त्या एका पदकावर. आणि त्यावर आम्ही हळद वाहत होतो.

नावं कागदावर मात्र होती, तीच आता ऑनलाइन आहेत. आमच्या नोंदीत आणखी एक ओळ होती: अमकीचा नवरा, तमकं गाव, खेड, रत्नागिरी. कारकुनाने गावाचं नाव असं काही लिहिलं होतं, की ते इंग्रजीही वाटत नव्हतं आणि मराठीही. मग मी जे येतं ते केलं. जनगणनेच्या यादीतून खेड तालुक्यातली गावं उतरवली, प्रत्येकाची इंग्रजी स्पेलिंगं वेगवेगळ्या प्रकारे तयार केली आणि किती अक्षरं बदलली की कारकुनाचा शब्द मिळतो, हे मोजणारा तीस ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. त्याने नऊ गावं काढली. नऊ म्हणजे काहीच नाही.

उत्तर माळ्यावर होतं. पुराचं पाणी तिथवर पोचलं नव्हतं, म्हणून पणजोबांच्या गहाणाच्या वह्या वाचल्या होत्या. सगळ्या मोडीत. मोडीत आधी आडवी रेघ ओढतात आणि मग तिच्याखाली हात फारसा न उचलता अक्षरं लटकवत जातात. शब्दांत मोकळी जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. लिहायला झटपट, वाचायला डोकेदुखी. पुण्यातल्या एका निवृत्त शिक्षिका मोडी शिकवतात. दर रविवारी त्यांच्याकडे जाऊन बसलो. पदकं १९१९ नंतर वाटली गेली, म्हणून शके १८४१ पासून पुढची पानं आधी घेतली.

शके १८४३, म्हणजे १९२१ साल. बाईंनी एका ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचलं: चांदीचा बिल्ला एक. रुपये दोन. खाली एका बाईचं नाव, गावाचं नाव, आणि निशाणी. सहीऐवजी काढलेलं बांगडीचं चित्र, एक लहान वर्तुळ.

नाव तेच, जे कमिशनच्या नोंदीत शिपायाच्या बायकोचं होतं. गाव प्रोग्रॅमच्या यादीत सातव्या क्रमांकावर.

मी बराच वेळ त्या वर्तुळाकडे बघत होतो. एवढे दिवस मी शिपायाला शोधत होतो. त्याचा नंबर आहे, पलटण आहे, मृत्यूची तारीख आहे, त्या युद्धावर शंभर पुस्तकं आहेत. पण बिल्ला गमावला तो त्याने नाही, तिने. १९१८ साली पाऊस कोरडा गेला आणि इन्फ्लुएन्झाच्या साथीने गावंच्या गावं झोपवली. त्यातून ती जगली, लढाईवर गेलेल्या नवऱ्याऐवजी घरी आलेली चांदी घेऊन चिपळूणपर्यंत आली आणि दोन रुपये घेऊन परत गेली. त्या पदकात चांदी असते सुमारे पावणेतीन रुपयांच्या नाण्यांत असते तेवढी. लढाई सुरू झाली तेव्हा शिपायाचा पगार महिना ११ रुपये होता. म्हणजे आठवड्याभराचा पगार. पुढे व्याज भरल्याच्या दोन नोंदी आहेत, नंतर काही नाही. तिचा मागे राहिलेला, मला माहीत असलेला एकमेव पुरावा म्हणजे आमच्या वहीतली ती बांगडी.

आजीला सांगायचं कसं, हा वेगळाच प्रश्न होता. घरात दोन तट पडले. मामा म्हणाला, "पैसे दिले होते ना? मग आपलंच की. शंभर वर्षांनी कसला हिशेब काढतोस?" कायद्याने त्याचं चूक नव्हतं. आजी दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी देवपूजा झाल्यावर विचारलं, "त्या बाईला मुलं होती का रे?"

"असतील. शोधतोय."

"शोध. आणि जाशील तेव्हा रिकाम्या हाताने जाऊ नकोस. खण-नारळ देते मी."

गावात फोन केला तर कळलं, त्या आडनावाची वाडी आहे पण बरीचशी घरं बंद. कोकणात अशी घरं दोनदा उघडतात, शिमग्याला आणि गणपतीत. म्हणून गेल्या गणपतीत गेलो. वाडी मुंबईकरांनी भरलेली, अंगणात चपलांचा ढीग. ज्यांना भेटायचं होतं ते पंच्याहत्तरीतले, परळच्या एका गिरणीतून १९८२ च्या संपानंतर बाहेर फेकले गेलेले. शिपायाचे नातू. मी फोनवरचा नंबर, नाव, पलटण वाचून दाखवली. ते म्हणाले, "पलटणीतले आजोबा. म्हातारी सांगायची, बसऱ्याला गेले ते गेले."

मी रुमाल सोडून बिल्ला त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला. मग वहीच्या पानाचा फोटो दाखवला, तेव्हा ते हसले. "दोन रुपये? शंभर वर्षांचं व्याज किती होतं रे बाळा? तू कॉम्प्युटरवाला ना?"

"हिशेब बंद झालाय काका. आजीने बंद केलाय."

त्यांच्या सूनबाईंनी आजीचा खण-नारळ घेतला. काकांना मात्र बिल्ल्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीत रस होता. "तारीख म्हणालास ना? कुठली?" मी सांगितली. त्यांच्या घरात आजोबांची तिथी कुणालाच माहीत नव्हती. मरणाची बातमी पोचली ती महिने उलटल्यावर, दिवस सांगणारं कुणी नव्हतं. म्हणून चार पिढ्या त्यांचं पान सर्वपित्री अमावास्येला, ज्यांची तिथी ठाऊक नाही अशा सगळ्यांच्या बरोबर ठेवलं जायचं. पुतण्याने तिथेच मोबाइलवर जुनं पंचांग उघडलं. १९१६ चा जानेवारी, पौष महिना. तिथी निघाली. काकांनी ती कॅलेंडरच्या मागे पेनने लिहून घेतली आणि दोनदा वाचून खात्री केली. त्या पितृपक्षात पान तिथीला ठेवलं गेलं. फोटो आला होता.

बिल्ला आता त्यांच्याकडे आहे, फ्रेममध्ये, घोडेस्वार आत आणि राजा भिंतीकडे की उलटं, यावरून त्यांच्यात अजून वाद चालू आहे. आजीच्या देवाऱ्यात त्याची जागा रिकामी आहे. तिथे दुसरा टाक आणू या म्हटलं तर ती नको म्हणते.

तुमच्याही घरी लक्ष्मीपूजनात जुने रुपये मांडत असतील. त्यात एखादं जरा मोठं नाणं असेल, वर झाळलेल्या पट्टीची खूण असेल, तर कड बघा. नंबर आणि पलटण वाचता आली तर पुढचा रस्ता फुकट आणि उघडा आहे. माणूस लढाईत मेला असेल तर सापडण्याची शक्यता चांगली.

आमच्या वहीत शके १८४३ आणि १८४४ मध्ये 'चांदीचा बिल्ला' आणखी दोनदा आला आहे. ती दोन्ही पदकं आता नाहीत, बहुधा कुणाच्या तरी पैंजणांत गेली. पण नावं आहेत, गावं आहेत. एक निशाणी बांगडीची, एक नांगराची. रविवारी बाईंकडे परत जायला लागलो आहे.