अनुज्ञप्ती, वाहनचालकाची

सार्वजनिक रस्त्यावर मोटार वाहन चालविण्यासाठी शासनाने नेमलेल्या प्राधिकाऱ्याकडून व्यक्तीला मिळणारा लेखी परवाना म्हणजे वाहनचालक अनुज्ञप्ती होय. व्यवहारात तिला ‘लायसन’ म्हणतात. ही अनुज्ञप्ती कायमची नसते. ठराविक मुदतीनंतर तिचे नूतनीकरण करावे लागते आणि चालकाचे वय वाढते तशी ही मुदत आखूड होत जाते. प्रारंभी चालकाची ओळख पटविणारा, पुढे त्याच्या कौशल्याची ग्वाही देणारा व शेवटी त्याच्या शारीरिक क्षमतेची वेळोवेळी तपासणी घडविणारा दस्तऐवज, अशा तीन अवस्थांतून अनुज्ञप्तीचा विकास झालेला दिसतो. संगणकीय नूतनीकरणामुळे यांतील तिसऱ्या अवस्थेचे स्वरूप बदलले आहे. त्याचा परिणाम साठीच्या पुढील चालकांवर विशेषेकरून होतो.

पूर्वेतिहास : वाहन हाकणाऱ्यास परवाना देण्याची पद्धत मोटारीपेक्षा जुनी आहे. मुंबई शहरात भाड्याच्या वाहनांच्या नियमनासाठी १८६३ मध्ये स्वतंत्र कायदा करण्यात आला. उतारूंची फसवणूक होऊ नये आणि तक्रार आल्यास हाकणारा सापडावा, हा अशा परवान्यांमागील मुख्य हेतू होता. स्वतःची घोडागाडी वा बैलगाडी हाकणाऱ्याचे कौशल्य, दृष्टी किंवा वय यांची चौकशी करण्याचे कोणाला कारण वाटत नसे. जनावरालाही रस्ता दिसत असल्याने हाकणाऱ्याची चूक काही अंशी सावरली जाई. मोटारीच्या बाबतीत सर्व भिस्त चालकाच्या डोळ्यांवर व हातापायांवर आली.

यूरोपात कार्ल बेंझ यांना आपली मोटार रस्त्यावर आणण्यासाठी १८८८ मध्ये बाडेनच्या शासनाकडून लेखी परवानगी घ्यावी लागली. पॅरिसमध्ये १८९३ च्या पोलीस आदेशाने चालकास प्रमाणपत्र आवश्यक ठरविले. प्रशियात १९०३ मध्ये परीक्षेची अट आली. ब्रिटनमध्ये १९०३ च्या कायद्यान्वये १ जानेवारी १९०४ पासून अनुज्ञप्ती सक्तीची झाली. तथापि पाच शिलिंग भरून ती कोणत्याही परीक्षेविना मिळे. नव्या चालकांना परीक्षा देणे तेथे १९३५ मध्ये बंधनकारक झाले.

भारतातील कायदे : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत मोटारी दिसू लागल्या. सर्व ब्रिटिश हिंदुस्थानास लागू होणारा पहिला मोटार वाहन कायदा १९१४ मध्ये झाला. त्याने विनापरवाना वाहन चालविण्यास मनाई केली आणि तपशीलाचे नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. १९३९ चा कायदा अधिक विस्तृत होता व तो सु. ५० वर्षे अंमलात राहिला. त्याची जागा १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाने घेतली. हा अधिनियम १ जुलै १९८९ पासून लागू झाला असून केंद्रीय मोटार वाहन नियमही त्याच वर्षीचे आहेत.

१९८८ च्या अधिनियमान्वये खाजगी वाहनाची अनुज्ञप्ती २०१९ पूर्वी २० वर्षे किंवा धारकाच्या वयाची ५० वर्षे पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर, वैध असे. त्यानंतर ती पाच-पाच वर्षांसाठी मिळे. २०१९ च्या दुरुस्तीने ही रचना बदलली. तीस वर्षांखालील व्यक्तीची अनुज्ञप्ती वयाच्या चाळिशीपर्यंत, तीस ते पन्नास या वयोगटातील व्यक्तीची दहा वर्षे, पन्नास ते पंचावन्न या वयोगटातील व्यक्तीची साठीपर्यंत आणि पंचावन्न वर्षे पूर्ण केलेल्या व्यक्तीची पाच वर्षे वैध राहते. म्हणजे ५७ व्या वर्षी नूतनीकरण करणाऱ्यास ६२, ६७, ७२ अशा टप्प्यांवर पुन्हा अर्ज करावा लागतो. वयाची कमाल मर्यादा मात्र भारतीय कायद्याने घातलेली नाही.

याच दुरुस्तीने पूर्वी मिळणारी ३० दिवसांची सवलत काढून टाकली. त्यामुळे मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून धारकास वाहन चालविता येत नाही. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्यापूर्वी वर्षभर आणि संपल्यानंतर वर्षभर करता येतो. त्याहून अधिक विलंब झाल्यास वाहन चालविण्याची परीक्षा पुन्हा द्यावी लागते. पूर्वी ही वेळ पाच वर्षांच्या खंडानंतर येत असे. आजारपणामुळे किंवा परगावी मुलांकडे राहिल्यामुळे अर्ज करावयाचा राहून गेलेल्या वृद्धास हा बदल विशेष जाचक ठरू शकतो.

पळस्पे : रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यातील हे गाव ‘पळस्पे फाटा’ या नावाने महाराष्ट्रभर परिचित आहे. जुन्या मुंबई-पुणे मार्गापासून कोकण-गोव्याकडे जाणारा महामार्ग येथे वेगळा होतो. पूर्वी क्र. १७ ने ओळखला जाणारा हा महामार्ग आता क्र. ६६ आहे. या भागाचे दळणवळणातील महत्त्व मोटारीच्या आधीचे आहे. मुंबईहून पुण्यास जाणारे प्रवासी पूर्वी होडीने पनवेल बंदरात उतरत व तेथून घाटाकडे निघत. बोरघाटातील गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाल्यावर हा मार्ग चाकांच्या वाहनांना सुगम झाला.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाल्यानंतरही जुन्या मार्गाचे महत्त्व टिकून राहिले. कारण द्रुतगती मार्गावर दुचाकी व तीनचाकी वाहनांना प्रवेश नाही. पळस्पे ते इंदापूर या ८४ किमी. टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये हाती घेण्यात आले व ते दीर्घकाळ रेंगाळले. बाजारहाट, बँक वा दवाखान्यासाठी स्कूटरवरून पनवेलला जाणारा वृद्ध, अवजड मालमोटारी आणि गणेशोत्सवात कोकणात निघालेल्या मोटारींची रांग ही सर्व वाहतूक या परिसरात एकत्र येते. वेगाचा अंदाज घेणे, मान वळवून मागचे पाहणे आणि समोरच्या दिव्यांच्या झोतातून लगेच सावरणे ही तिन्ही कामे अशा फाट्यावर एकाच वेळी करावी लागतात. वाढत्या वयात प्रथम मंदावतात त्या नेमक्या याच क्रिया होत.

पनवेल तालुका पूर्वी पेण येथील परिवहन कार्यालयाच्या कक्षेत होता व तेथील वाहनांवर एमएच-०६ हा संकेतांक असे. पनवेलसाठी स्वतंत्र कार्यालय होऊन एमएच-४६ हा संकेतांक मिळाल्यावर पेणची खेप टळली. परंतु अर्ज, शुल्क, छायाचित्र व तपासणी यांसाठी खिडकीसमोर उभे राहणे टळले नव्हते. या रांगांमुळेच राज्यात सर्वत्र परिवहन कार्यालयांभोवती दलालांचा व्यवसाय वाढला. वृद्ध अर्जदार हे त्याचे हमखास गिऱ्हाईक असत.

संगणकीय नूतनीकरण : राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने वाहनांच्या नोंदणीसाठी ‘वाहन’ व अनुज्ञप्तीसाठी ‘सारथी’ या संगणकप्रणाली तयार केल्या. त्यांमुळे कार्यालयातील नोंदवह्यांची जागा देशव्यापी नोंदसंग्रहाने घेतली. २०१८ मध्ये नियमांत बदल होऊन मोबाइलवरील अधिकृत अनुज्ञप्ती तपासणीच्या वेळी ग्राह्य मानली जाऊ लागली. करोनाच्या साथीत कार्यालये बंद पडल्याने १ फेब्रुवारी २०२० नंतर मुदत संपलेल्या कागदपत्रांना केंद्र शासनाने वेळोवेळी मुदतवाढ दिली. ३ मार्च २०२१ रोजी केंद्र शासनाने आधार-प्रमाणीकरणाच्या आधारे घरबसल्या मिळणाऱ्या १८ सेवा जाहीर केल्या. ज्या नूतनीकरणास वाहन चालविण्याची परीक्षा लागत नाही, त्याचा यांत समावेश होता. २०२२ मध्ये अशा सेवांची संख्या ५८ करण्यात आली.

अर्जदाराने सारथी संकेतस्थळावर अनुज्ञप्ती क्रमांक व जन्मतारीख भरली की त्याची नोंद पुढे येते. आवश्यक कागदपत्रे जोडून व शुल्क भरून अर्ज पूर्ण होतो. आधारद्वारे ओळख पटल्यास छायाचित्र व पत्ता तेथूनच घेतला जातो. नवी अनुज्ञप्ती टपालाने घरी येते. आधारचा मार्ग न स्वीकारणाऱ्यास कार्यालयात जाऊन अर्ज करण्याची मुभा असते.

वृद्धांच्या अडचणी : वरील रीत सोपी असली, तरी तिच्यातील प्रत्येक पायरी एखाद्या जुन्या नोंदीवर उभी आहे. पुस्तकाच्या स्वरूपात मिळालेल्या कित्येक जुन्या अनुज्ञप्त्यांची नोंद संगणकात आढळत नाही. ती मूळ कार्यालयाकडून आधी करून घ्यावी लागते. नावातील फरक हेही अडचणीचे कारण असते. एका कागदावर वडिलांचे किंवा पतीचे नाव मध्ये असते, दुसऱ्यावर नसते.

जन्मतारखेचा प्रश्न अधिक खोल आहे. महाराष्ट्रात जुन्या पिढीतील अनेकांची जन्मतारीख १ जून अशी आढळते. शाळेत नाव घालताना खरी तारीख ठाऊक नसल्यास शिक्षक ती तशी लिहीत. आधार नोंदणीच्या वेळी काहींनी केवळ जन्मवर्ष सांगितले. अशा वेळी दोन नोंदी जुळत नाहीत आणि जिची मुदतच वयावर मोजली जाते, त्या अनुज्ञप्तीचा अर्ज अडून राहतो. याशिवाय आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक बंद झालेला असणे वा तो मुलाच्या नावे असणे, हीही नेहमीची अडचण होय. कारण ओळख पटविणारा सांकेतिक अंक त्याच क्रमांकावर येतो. परिणामी अनेक वृद्ध अर्ज भरून घेण्यासाठी सेवा केंद्राकडे किंवा नातवंडांकडे जातात. खिडकीपुढची रांग गेली, तरी मध्यस्थाची गरज पूर्णपणे गेलेली नाही.

वैद्यकीय प्रमाणपत्र : वयाची ४० वर्षे पूर्ण केलेल्या धारकास नूतनीकरणासाठी नमुना १-अ मधील वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे लागते. अर्जदारास चांगल्या उजेडात, आवश्यक तर चष्मा लावून, २५ मी. अंतरावरील मोटारीची क्रमांकपाटी वाचता येते काय, तांबडा व हिरवा रंग ओळखता येतो काय, रातांधळेपणा आहे काय आणि वाहतुकीचे नेहमीचे ध्वनिसंकेत ऐकू येतात काय, यांसारख्या मुद्यांवर डॉक्टरने अभिप्राय द्यावयाचा असतो. महाराष्ट्रात नोंदणीकृत डॉक्टरांना हे प्रमाणपत्र थेट सारथी प्रणालीत भरण्याची सोय करून देण्यात आली आहे.

पूर्वी कार्यालयात अर्जदार स्वतः उभा राहत असल्याने त्याची हालचाल, श्रवण व सावधपणा निदान कोणाच्या तरी नजरेस पडत. घरबसल्या होणाऱ्या नूतनीकरणात हा प्रसंग उरला नाही. संपूर्ण प्रक्रियेत वृद्ध चालकाला प्रत्यक्ष पाहणारी एकमेव व्यक्ती म्हणजे डॉक्टर होय. त्यामुळे नमुना १-अ चे महत्त्व पूर्वीपेक्षा वाढले आहे. तपासणी न करता केलेली सही ही रांगेच्या काळात एक कसूर होती. आज तिच्यामुळे संपूर्ण तपासणीच नाहीशी होते. मोतीबिंदूमुळे दिव्यांचा झोत पसरट दिसणे, काचबिंदूमुळे बाजूची दृष्टी कमी होणे, झोप आणणारी औषधे, मधुमेहात साखर एकाएकी उतरणे या गोष्टी क्रमांकपाटी वाचता येणाऱ्या माणसातही असू शकतात. यांतील कित्येक दोषांवर उपचार होऊ शकतो. म्हणून काळजीपूर्वक केलेली तपासणी वृद्धाचे वाहन चालविणे थांबविण्याऐवजी पुष्कळदा ते लांबवू शकते. आजार वा अपंगत्वामुळे धारक अपात्र झाल्याचे दिसल्यास मुदतीच्या आतही अनुज्ञप्ती रद्द करण्याचा अधिकार प्राधिकाऱ्यास आहे.

इतर देशांतील पद्धती : ब्रिटनमध्ये सत्तरीनंतर दर तीन वर्षांनी नूतनीकरण करावे लागते व त्यात धारकाच्या स्वतःच्या निवेदनावर मुख्यतः विसंबतात. जपानमध्ये ७५ वर्षांवरील चालकांसाठी स्मरण व आकलन यांची चाचणी २००९ पासून आवश्यक आहे आणि ठराविक वाहतूक-गुन्हे घडलेल्या अशा चालकांना २०२२ पासून प्रत्यक्ष वाहन चालवून दाखवावे लागते. अनुज्ञप्ती स्वेच्छेने परत करण्याची सोय तेथे १९९८ पासून आहे. भारतात वृद्धांसाठी अशी वेगळी चाचणी नाही.

अनुज्ञप्ती परत करणे कितपत सुसह्य होते, हे पर्यायी वाहतुकीवर अवलंबून असते. महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या गाड्यांतून ६५ वर्षांवरील प्रवाशांना अर्ध्या भाड्यात प्रवास करता येतो व ७५ वर्षे पूर्ण केलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून विनामूल्य प्रवासाची सवलत मिळाली. पळस्प्यासारख्या हमरस्त्यावरील गावाला अशा सवलतीचा उपयोग होतो. परंतु फाट्यापासून आत असलेल्या वस्त्यांतील वृद्धास थांब्यापर्यंत पोहोचण्यासाठीच वाहन लागते. बैठ्या चालीच्या नोकरीतून निवृत्त झालेला शहरवासी आणि अशा वस्तीतला स्कूटरस्वार यांना अनुज्ञप्तीची गरज सारखी नसते. कायद्याची मुदत व तपासणीचा नमुना मात्र दोघांना एकच आहे. संगणकाने नूतनीकरणाचा कागद घरापर्यंत आणला असला, तरी चालकाची पात्रता ठरते ती दवाखान्यातील त्या काही मिनिटांच्या तपासणीत.