तळटीप : ब्रोकर सुरू करण्यापूर्वी
* इथला ‘ब्रोकर’ म्हणजे रॅबिटएमक्यू. एका प्रोग्रॅमचे संदेश दुसऱ्याकडे पोचेपर्यंत रांगेत सांभाळणारा, अर्लांग भाषेत लिहिलेला सर्व्हर. सेटिंग्जची फाईल तो सुरू होतानाच वाचतो. म्हणून ती बदलली की सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागतो. मूळ सेटिंगनुसार पोर्ट ५६७२, आणि ‘गेस्ट’ हे खाते फक्त त्याच मशीनवरून चालते. ही बंदी उठवू नये, वेगळे खाते काढावे. डिस्कवरील मोकळ्या जागेची किमान मर्यादा मात्र मुळात अवघी ५० एमबी असते. जागा त्याखाली गेली की ब्रोकर नवे संदेश घेणे थांबवतो. पण इतक्या उशिरा थांबून उपयोग काय? डिस्क तोवर भरत आलेली असते. लेखकाने हे सांगितलेले नाही, तरी प्रत्यक्ष कामाच्या सर्व्हरवर ही मर्यादा आधीच वाढवावी. — संपा.