स्वमग्नता, रोगप्रतिकारशक्ती आणि आईबापांचे प्रश्न

भोपाळमधील जुन्या मराठी कुटुंबांपैकी अनेक कुटुंबे १ नोव्हेंबर १९५६ नंतर नागपूरहून आली. सचिवालयाच्या नस्त्यांबरोबर आमचे वडीलही आले. पुढे मीही राज्य शासनाच्या सेवेत आयुष्य घालवले. निवृत्तीनंतर साकेत नगरातील घरी पुन्हा नस्ती वाचण्याचा प्रसंग येईल असे वाटले नव्हते. तो दोन वर्षांपूर्वी आला.

नातू तेव्हा चार वर्षांचा होता. हाक मारली तरी वळून पाहत नसे. फिरत्या पंख्याकडे मात्र एकटक पाहत बसे. डॉक्टरांनी ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, असे निदान केले. पुढे मुंबईच्या एका खासगी दवाखान्याची माहितीपत्रिका मुलाने आणली. हा विकार रोगप्रतिकारशक्तीच्या बिघाडातून उद्भवतो, स्टेम सेल म्हणजे मूलपेशी टोचल्या की मेंदूतील दाह शमतो, असे तीत होते. खर्च काही लाखांचा. मुलगा प्लॉट विकण्याच्या विचारात होता. सूनबाईंनी ते कागद माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाल्या, "बाबा, तुम्ही आयुष्यभर नस्त्या वाचल्या. आता ही एक वाचून द्या."

एम्ससारखी मोठी संस्था २०१२ पासून आमच्या वसाहतीशेजारी आहे. तरीही आईबापांच्या शंकांना पहिले उत्तर मिळते ते बहुधा फोनवर आलेल्या चित्रफितीतून. म्हणून त्या नस्तीचा सारांश येथे मांडत आहे.

प्रथम नावाविषयी. स्वित्झर्लंडमधील मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हा शब्द घडवला. बालकांतील स्वतंत्र अवस्था म्हणून तिचे वर्णन १९४३ साली बाल्टिमोर येथे लिओ कॅनर यांनी अकरा मुलांच्या आधारे केले. ही अवस्था जन्मजात असावी, असे त्यांनी तेव्हा लिहिले होते. परंतु पुढे त्यांच्याच लेखनातून भावनाशून्य, थंड आईबापांची कल्पना पसरली आणि ब्रूनो बेटलहाइम यांच्या १९६७ च्या पुस्तकाने तिला फार मोठा वाचकवर्ग मिळवून दिला. एका पिढीच्या मातांनी हा कलंक वाहिला. त्याला पहिले सविस्तर शास्त्रीय उत्तर १९६४ साली बर्नार्ड रिमलंड यांनी दिले. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि एका स्वमग्न मुलाचे वडीलही होते. आईबापांनी प्रश्न विचारू नयेत, असे म्हणणाऱ्यांनी हा इतिहास लक्षात ठेवावा.

येथे एक कबुली दिली पाहिजे. "तू दिवसभर नोकरीवर असतेस, म्हणून पोर असे झाले," हे वाक्य आमच्याही घरात उच्चारले गेले. ते उच्चारणारा मीच होतो. परदेशात कधीच टाकून दिलेले मत माझ्या दिवाणखान्यात जिवंत होते.

आता रोगप्रतिकारशक्तीकडे वळू. या दिशेचा पहिला भक्कम पुरावा जर्मन गोवर, म्हणजे रुबेला, या रोगातून मिळाला. १९६४-६५ मध्ये अमेरिकेत त्याची मोठी साथ आली. गर्भावस्थेत लागण झालेल्या २४३ मुलांचा अभ्यास स्टेला चेस यांनी न्यूयॉर्कमध्ये केला. त्यांतील दहा मुलांत स्वमग्नतेची पूर्ण आणि आठ मुलांत अंशतः लक्षणे आढळल्याचे त्यांनी १९७१ साली प्रसिद्ध केले. त्या काळी ही अवस्था फार विरळ मानली जात असल्याने हे प्रमाण लक्षणीय होते. १९७७ साली सुझन फोलस्टाइन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्या अभ्यासून आनुवंशिकतेचा वाटाही दाखवला.

पुढे कॅलिफोर्नियातील भारतीय वंशाचे तज्ज्ञ सुधीर गुप्ता यांनी १९९६ साली दहा मुलांना दात्यांच्या रक्तातून वेगळी केलेली प्रतिपिंडे शिरेतून दिली आणि सुधारणा झाल्याचे नोंदवले. तुलनेसाठी दुसरा गट मात्र नव्हता. १९९८ साली ऑड्रियस प्लिओप्लिस यांनी पुन्हा दहा मुलांवर हाच उपचार केला. ठळक सुधारणा एकाच मुलात दिसली. २००५ साली, कॅनर ज्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात होते तेथीलच संशोधकांना स्वमग्न व्यक्तींच्या मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंत दाहाच्या खुणा आढळल्या. २००८ पासून काही मातांच्या रक्तात गर्भाच्या मेंदूतील प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे सापडल्याची नोंद आहे. अर्थात शरीरात आपोआप बनणाऱ्या प्रतिपिंडांचा दोष कोणी मातेला देऊ नये.

म्हणजे माहितीपत्रिकेतील पहिले वाक्य अगदीच निराधार नव्हते. काही मुलांत रोगप्रतिकारशक्तीचा संबंध असू शकतो. परंतु मेंदूतील दाह हे कारण आहे की परिणाम, हे त्या खुणांवरून ठरत नाही. आणि गर्भावस्थेत घडलेली गोष्ट चौथ्या वर्षी टोचलेल्या इंजेक्शनाने पुसली जाईल, असेही त्यातून निघत नाही. पहिल्या वाक्यातून दुसऱ्यावर उडी मारण्यापूर्वी कसोटी लागते.

त्या कसोटीचे एक जुने उदाहरण मुंबईतच आहे. वाल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी आपली प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने लस घेतलेले कैदी आणि न घेतलेले कैदी यांची तुलना झाली. न घेतलेल्यांत रोगी आणि मृत्यू अधिक निघाले. कैद्यांच्या संमतीला कितपत अर्थ होता हा प्रश्न आज आपण विचारू, आणि तो प्रयोग आजच्या नियमांत बसणारही नाही. पण तुलनेचे तत्त्व तेच आहे. उपचार मिळालेल्यांशेजारी न मिळालेले ठेवून पाहिल्याशिवाय गुण कशाने आला हे कळत नाही.

आईबापांच्या डोळ्यांवर विसंबून का चालत नाही, हे सिक्रेटिनच्या प्रकरणात दिसले. हे पचनाशी संबंधित संप्रेरक आहे. १९९८ साली तीन मुलांना त्याचा गुण आल्याची बातमी पसरली. १९९९ साली साठ मुलांवर काटेकोर चाचणी झाली. निम्म्यांना सिक्रेटिन, निम्म्यांना नुसते मिठाचे पाणी. दोन्ही गटांत सुधारणा जवळजवळ सारखीच दिसली. हा निष्कर्ष सांगितल्यानंतरही ६९ टक्के पालकांना ते औषध हवेच होते. मी त्यांना हसणार नाही. मूल वाढत असते, काही ना काही शिकत असते, आणि आशेने पाहणाऱ्याला त्याचे श्रेय औषधाला द्यावेसे वाटते.

लसीची शंकाही याच मार्गाने आली. १९९८ साली अँड्र्यू वेकफील्ड आणि सहकाऱ्यांनी लॅन्सेट या नियतकालिकात बारा मुलांवरील लेखात गोवर, गालगुंड व रुबेला यांच्या एकत्रित लसीवर संशय घेतला. डेन्मार्कमध्ये २००२ साली ५ लाख ३७ हजार आणि २०१९ साली ६ लाख ५७ हजार मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. संबंध आढळला नाही. २०१० साली लॅन्सेटने तो लेख मागे घेतला आणि वेकफील्ड यांचे नाव ब्रिटनच्या वैद्यक नोंदवहीतून काढले गेले. यातील विपर्यास पाहा: रुबेलामुळे स्वमग्नता येऊ शकते हे १९७१ पासून ठाऊक होते, आणि संशय घेतला गेला तो रुबेला रोखणाऱ्या लसीवर! आपल्या देशात २०१७ पासून गोवर-रुबेला लसीची मोहीम झाली, तेव्हा आपल्या परिचयातील काही शिक्षित घरांतूनही हीच कुजबुज ऐकू आली होती.

चुकीच्या उपचाराची किंमत केवळ पैशात मोजता येत नाही. पारा शरीराबाहेर काढण्याच्या नावाखाली दिलेल्या औषधाने २००५ साली अमेरिकेत पाच वर्षांचा एक स्वमग्न मुलगा दगावला.

उरला मूलपेशींचा प्रश्न. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाने १८० मुलांवर नाळेतील रक्ताची चाचणी घेतली. सामाजिक वर्तनाच्या मुख्य मोजमापात दोन गटांत फरक आढळला नाही, असे २०२० साली प्रसिद्ध झाले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या व तत्सम मान्य विकारांखेरीज मूलपेशींचा वापर मंजूर चाचणीतच करावयाचा असतो. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या नीती मंडळाने स्वमग्नतेसाठी हा उपचार शिफारसयोग्य नाही आणि त्याची जाहिरात व्यावसायिक गैरवर्तन ठरेल, असे स्पष्ट केले.

मी नस्तीवर टीप लिहिली. तीत दवाखान्यास विचारावयाचे चार प्रश्न होते. तुलनेचा गट होता काय? निष्कर्ष कोठे प्रसिद्ध झाला? ही चाचणी असेल तर मंजुरी कोणाची, आणि मग आमच्याकडून पैसे का? अपाय झाल्यास जबाबदार कोण? मुलाने ते पाठवले. उत्तरादाखल सवलतीच्या दराचे पत्र आले. प्लॉट विकला गेला नाही.

त्या पैशांचा काही भाग वाचा-उपचार आणि व्यवसायोपचारावर खर्च होतो. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. त्यानुसार प्रमाणपत्र काढण्याचे काम माझ्याकडे आले. कार्यालयीन अनुभव कामी आला.

नातू आता सहा वर्षांचा आहे. वाक्ये बोलत नाही. तहान लागली की पेला आणून माझ्या हातात देतो. दोन वर्षांपूर्वी तो केवळ रडत असे. हा गुण कोणत्या उपचाराचा, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. एका मुलावरून ते सांगता येत नाही, हेच तर वर लिहिले आहे. सूनबाईंची मात्र मी क्षमा मागितली. त्यांनी काहीच न बोलता माझ्यापुढे चहा ठेवला, आणि नातवाचा तो पेला उचलून पाण्याने भरला.