नांव आणि मत : डेट्रॉइट शहराच्या महापौरपदाची इ. स. १९२४ ची निवडणूक

नगराचा कारभार पक्षभेदापासून अलिप्त असावा, हें मत आपल्याकडेहि वारंवार मांडलें जातें. रस्ते, गटारें, दिवे आणि पाणी यांना पक्ष नसतो. तेव्हां त्यांची व्यवस्था पाहणाऱ्या माणसालाहि तो नसावा, असा या मताचा सारांश आहे. मत सुंदर आहे यांत शंका नाहीं. परंतु इतिहासाच्या अभ्यासकानें त्यापाशींच न थांबतां, तें अमलांत आणलें असतां प्रत्यक्ष काय घडलें, हें पाहिलें पाहिजे. अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांपैकीं मिशिगन संस्थानांतील डेट्रॉइट या शहरानें हा प्रयोग शंभराहून अधिक वर्षें चालविला. त्यांतील इ. स. १९२४ ची महापौराची निवडणूक या प्रयोगाची खरी कसोटी होय, असें आम्हांस वाटतें. म्हणून तिचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे.

प्रथम तेथील व्यवस्था सांगितली पाहिजे. मुंबईचा महापौर नगरसेवक आपल्यांतून निवडतात. डेट्रॉइटचा महापौर नागरिक आपल्या मतांनीं प्रत्यक्ष निवडतात आणि कारभाराचीं सूत्रें खरोखरीच त्याच्या हातीं असतात. इ. स. १९१८ पूर्वीं शहराचे २१ वॉर्ड असून प्रत्येकांतून दोन, असे ४२ सभासद नगरसभेवर येत. वॉर्डाचे पुढारी आणि दारूच्या गुत्त्यांचे मालक यांचें या सभासदांवर मोठें वजन असे. कॅडिलॅक मोटारींच्या कारखान्याचे संस्थापक हेन्री लीलंड यांच्या पुढाकारानें इ. स. १९१२ मध्यें स्थापन झालेल्या नागरिक संघानें याविरुद्ध चळवळ केली आणि जून १९१८ मध्यें मतदारांनीं नवी सनद मंजूर केली. तिच्या अन्वयें वॉर्डवार प्रतिनिधित्व गेलें. सर्व शहरानें मिळून अवघे नऊ सभासद निवडावयाचे ठरलें. आणि मतपत्रिकेवर उमेदवाराच्या नांवापुढें पक्षाचें नांव छापण्याचें बंद झालें. प्राथमिक फेरींत पहिले दोन येतील त्यांचींच नांवें अंतिम मतपत्रिकेवर छापावयाचीं, असा नियम होता. मात्र ज्याचें नांव छापलेलें नाहीं त्याचें नांव मतदारानें स्वहस्तें लिहून त्यास मत द्यावें, ही मोकळीक कायम राहिली. पुढील सर्व प्रकरण या मोकळिकेंतून उद्भवलें.

नव्या व्यवस्थेचें पहिलें फळ चांगलें निघालें. हेन्री फोर्ड यांचे पूर्वींचे भागीदार जेम्स कझन्स हे इ. स. १९१९ पासून महापौर होते. इ. स. १९२२ मध्यें शहरानें ट्राम कंपनीची मालमत्ता विकत घेऊन ती वाहतूक स्वतःच्या ताब्यांत आणली, हें त्यांच्या कारकीर्दीचें मोठें कार्य. परंतु शहर त्या वेळीं पूर्वींचें राहिलें नव्हतें. इ. स. १९०० मध्यें सुमारें २ लक्ष ८६ हजार असलेली वस्ती मोटारींच्या कारखान्यांमुळें इ. स. १९२० मध्यें ९ लक्ष ९४ हजारांवर गेली. पोलंड, इटली, हंगेरी येथून कॅथलिक कामकरी आले. दक्षिणेकडील संस्थानांतून गोरे आले तसे कृष्णवर्णीयहि आले. कृष्णवर्णीयांची संख्या इ. स. १९१० मध्यें सहा हजारांच्याहि आंत होती, ती दहा वर्षांत चाळीस हजारांवर गेली. एवढ्या परस्परांस अनोळखी समाजांना ओळखीची खूण म्हणून पक्षाचें नांव उपयोगी पडलें असतें; तें तर मतपत्रिकेवरून नुकतेंच पुसलें गेलें होतें. ती रिकामी जागा कू क्लक्स क्लॅन या गुप्त संघटनेनें हेरली. कॅथलिक, ज्यू, परदेशी आणि कृष्णवर्णीय या सर्वांशीं या संघटनेचें वैर होतें.

कझन्स इ. स. १९२२ च्या अखेरीस सेनेटवर गेले. त्यांच्यामागून निवडून आलेल्या फ्रँक डोरीमस यांनीं प्रकृतीच्या कारणानें इ. स. १९२४ मध्यें राजीनामा दिला, आणि उरलेल्या मुदतीसाठीं निवडणूक करणें प्राप्त झालें. प्रमुख उमेदवार तीन होते : जॉन स्मिथ, जोसेफ मार्टिन आणि चार्ल्स बोल्स. स्मिथ हे कॅथलिक असून पूर्वीं शहराचे पोस्टमास्तर होते. बोल्स हे वकील; क्लॅनचा पाठिंबा त्यांस होता. सप्टेंबरमधील प्राथमिक फेरींत बोल्स तिसरे आले व त्यांचें नांव छापील मतपत्रिकेवरून गळालें. तथापि त्यांनीं माघार न घेतां, मतदारांनीं आपलें नांव हातानें लिहावें, असें आवाहन केलें. त्याच नोव्हेंबरांत सर्व मुलांस सरकारी शाळांतच घालण्याची सक्ती करणारा, म्हणजे कॅथलिकांच्या शाळा बुडविणारा, प्रस्तावहि मिशिगनच्या मतदारांपुढें होता. तो नामंजूर झाला; पण महापौराच्या निवडणुकीला धर्मयुद्धाचें स्वरूप कां आलें, हें यावरून कळेल.

बोल्स हें नांव देवनागरींत लिहिण्यास कांहींच अडचण नाहीं. रोमन लिपींत मात्र त्यांत उच्चारांत न येणारीं अक्षरें आहेत, आणि केवळ कानांनीं ऐकणारा मनुष्य तें निरनिराळ्या प्रकारें लिहूं शकतो. मोडी कागदांतील विशेषनामें लावतांना पडणारा घोळ ज्यांनीं अनुभविला आहे, त्यांस याची कल्पना सहज येईल. मोजणीच्या वेळीं अशा अशुद्ध किंवा अपुऱ्या लिहिलेल्या मतपत्रिका बाद ठरविण्यांत आल्या. त्यांची संख्या पंधरा ते सतरा हजार सांगतात. जमेस धरलेल्या मतांपैकीं स्मिथ यांस सुमारें १ लक्ष १७ हजार, बोल्स यांस १ लक्ष ७ हजार आणि मार्टिन यांस ८४ हजारांवर मतें मिळालीं. म्हणजे जय दहा हजारांचा आणि बाद मतें त्याहून कितीतरी अधिक. तीं सर्व जमेस धरलीं असतीं तर ज्याचें नांव छापीलहि नव्हतें तो मनुष्य महापौर झाला असता.

येथें इतिहासकारावर एक प्रसंग येतो. क्लॅनचा पराभव झाला याचा आनंद कोणाहि सुबुद्ध मनुष्यास होईल, आम्हांसहि होतो. परंतु त्या आनंदाच्या भरांत हा शहराच्या विवेकाचा विजय होता असें लिहिणें सत्यास सोडून होईल. हजारों मतदारांचा हेतु स्पष्ट असतां, केवळ अक्षरांच्या चुकीसाठीं त्यांचीं मतें फेंकलीं गेलीं. आपणांस अप्रिय असलेल्या मताशीं झालेला अन्याय हाहि अन्यायच होय. शिवाय अशा विजयानें प्रश्न सुटत नाहीं, तो पुढें ढकलला जातो.

तसेंच झालें. सप्टेंबर १९२५ मध्यें डॉ. ऑसियन स्वीट या कृष्णवर्णीय वैद्यानें गोऱ्यांच्या वस्तींत घर घेतलें. जमावानें घरावर दगडफेक केली, आंतून गोळीबार झाला आणि एक मनुष्य ठार झाला. स्वीट व त्यांचे दहा सोबती यांजवर खुनाचा खटला झाला; वकील क्लॅरेन्स डॅरो, न्यायाधीश फ्रँक मर्फी. पहिल्या ज्यूरीचें एकमत झालें नाहीं, आणि पुढील वर्षीं डॉक्टरांचे बंधु निर्दोष सुटले. महापौर स्मिथ यांनीं या प्रसंगीं क्लॅनचा निषेध करणारें पत्र प्रसिद्ध केलें. पण जेथें जाण्यानें दंगा होईल तेथें कृष्णवर्णीयांनीं राहावयास जाणें अनुचित होय, असेंहि त्याच पत्रांत लिहिलें. ज्यांच्या मतांवर ते निवडून आले त्यांनाच त्यांनीं हक्क आवरता घेण्यास सांगितलें. नोव्हेंबरांत नियमित निवडणूक झाली. या खेपेस बोल्स यांचें नांव मतपत्रिकेवर छापलेलें होतें, अशुद्ध लिहिण्याचा प्रश्नच नव्हता. आणि ते सुमारें ३० हजार मतांनीं हरले. क्लॅनचा खरा पराभव आमच्या मतें हा होय, १९२४ चा नव्हे.

बोल्स इ. स. १९२९ मध्यें रीतसर निवडून आले. मे १९३० मध्यें, ते परगांवीं असतां, पोलीस कमिशनरनें जुगाराच्या अड्ड्यांवर छापे घातले. परत येतांच बोल्स यांनीं त्या कमिशनरासच काढून टाकलें. लोक खवळले व पदच्युतीसाठीं मतदान मागूं लागले. २२ जुलै १९३० रोजीं सुमारें १ लक्ष २१ हजार विरुद्ध ९० हजार मतांनीं महापौरास खालीं उतरविण्यांत आलें. त्याच रात्रीं, मध्यरात्र उलटल्यावर, त्यांचे टीकाकार रेडिओवक्ते जेरी बक्ली यांचा एका हॉटेलांत गोळ्या घालून खून झाला. सप्टेंबरांत महापौर निवडले गेले ते स्वीट खटल्याचे न्यायाधीश मर्फी.

सनदेच्या दुसऱ्या कलमाचा परिणाम अधिक दूरगामी झाला. सर्व शहर हाच एक मतदारसंघ झाल्यामुळें, वाढत्या कृष्णवर्णीय वस्तीला नगरसभेंत आपला पहिला सभासद विल्यम पॅट्रिक यांच्या रूपानें इ. स. १९५७ मध्यें निवडून देतां आला. इ. स. १९७३ मध्यें कोलमन यंग हे पोलीस कमिशनर जॉन निकोल्स यांचा पराभव करून शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले. मतपत्रिकेवर तेव्हांहि पक्ष नव्हता; तरी बहुतेक गोऱ्यांनीं गोऱ्यास आणि बहुतेक काळ्यांनीं काळ्यास मत दिलें. शेवटीं इ. स. २००९ मध्यें मतदारांनींच नऊपैकीं सात जागा पुन्हां विभागवार करण्याचें ठरविलें.

ती पद्धत अमलांत आली त्या इ. स. २०१३ सालींच एक विलक्षण योग आला. माइक डगन यांचा अर्ज रहिवासाच्या अटींमुळें बाद झाला आणि प्राथमिक फेरींत त्यांचें नांव मतदारांनीं हातानें लिहिलें. त्यांच्या नांवाशीं मिळतें नांव असलेला एक न्हावीहि उमेदवार म्हणून पुढें आला. हजारों मतांच्या मोजणीविषयीं वाद झाला. परंतु संस्थानच्या निवडणूक मंडळानें तीं मतें ग्राह्य धरलीं. डगन पहिले आले व नोव्हेंबरांत महापौर झाले.

सनदकारांचा हेतु शुद्ध होता, व कझन्स आणि मर्फी यांसारखीं माणसें या पद्धतींतून वर आलीं, हेंहि विसरतां येत नाहीं. परंतु पक्ष काढल्यानें तट गेले नाहींत. ते धर्माच्या व वर्णाच्या नांवानें आले, आणि पक्षास जी थोडीबहुत उघड जबाबदारी असते तीहि त्यांस नव्हती. मतदारानें वेडेंवांकडें लिहिलेलें नांव वाचण्याची तयारी शहरानें नव्वद वर्षांनीं दाखविली. १९२४ च्या त्या पंधरा-सतरा हजार मतपत्रिकांचें ऋण याहून निराळ्या मार्गानें फिटण्याजोगें नव्हतें.