ठासणीची बंदूक: दारू, गंज आणि परवाना

शिवकाळ म्हटला की डोळ्यांसमोर तलवार, भाला, दांडपट्टा येतो. बंदूक सहसा येत नाही. वास्तविक सतराव्या शतकात दख्खनच्या किल्ल्यांवर आणि फौजांत बंदुका सर्रास होत्या. तलवार भिंतीवर टांगता येते, मिरवणुकीत मिरवता येते. बंदुकीची मात्र रोज सेवा करावी लागते, आणि हाच तिच्या इतिहासातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. तोडेदार बंदुकीची चालती प्रतिकृती करून घ्यावी, असे ज्यांच्या मनात येते त्यांनी आधी ही सेवा समजून घ्यावी, आणि मग कायदा. दोन्हींचा माग काढताना हा धागा पुणे जिल्ह्यातील सुप्याला पोहोचेल.

प्रथम यंत्र. सोरा, गंधक आणि कोळसा यांची काळी दारू नळीच्या तोंडातून आत ओतायची, वर बोळा आणि शिशाची गोळी घालायची, आणि गजाने ठासायचे. म्हणून ती ‘ठासणीची’. नळीच्या मागच्या बाजूला एक लहानशी वाटी असे; तिला ‘कान’ म्हणत. तिच्यात बारीक दारू, म्हणजे रंजक, घालायची. सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली सुती दोरी म्हणजे तोडा. तो सतत धुमसत ठेवायचा. चाप ओढला की तोड्याचे जळते टोक कानावर उतरते, रंजक पेटते, छिद्रातून जाळ आत जातो आणि बार उडतो. कधी कधी केवळ रंजक फुरफुरते आणि आतली दारू थंडच राहते.

एका हातात दारू आणि दुसऱ्या हातात विस्तव घेऊन माणूस लढत होता, हे नीट डोळ्यांसमोर आणावे. भरण्याच्या घाईत झालेली चूक त्याच्याच अंगावर येई. नळीत आधीच्या बाराचा निखारा उरला असेल तर नवी दारू ओततानाच भडका उडे.

खरी कसोटी बार उडाल्यानंतर लागते. काळी दारू पूर्णपणे धूर होऊन जात नाही. जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपात उरतो. काही नळीत चिकटतो, काही धुरासोबत बाहेर पडतो. नळीतली ही काजळी हवेतला ओलावा शोषते आणि लोखंड खाऊ लागते. मावळातल्या आषाढात बंदूक एक रात्र तशीच ठेवली तर सकाळी नळीत तांबूस गंज दिसावा. उपाय त्या काळी होता तोच आजही आहे: नळीत गरम पाणी घालून गजाला गुंडाळलेल्या चिंधीने काजळी धुवायची, नळी पूर्ण कोरडी करायची आणि तेलाचा हात फिरवायचा. नुसते तेल लावून भागत नाही, कारण काजळीतले क्षार पाण्यात विरघळतात, तेलात नाही. कानाचे छिद्र वेगळे साफ करावे लागते; ते बुजले तर बंदूक म्हणजे एक जड काठी.

दारूचेही तसेच. या बाबतीत मराठी साधनांत एक अप्रतिम दाखला आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त (१७१५ च्या सुमारास) किल्ल्यावरील दारूखान्याचे नियम सांगितले आहेत. दारूखाना वस्तीजवळ नसावा. तळघर करून त्यात माच घालावा आणि दारूची मडकी त्यावर ठेवावी, म्हणजे ती जमिनीला टेकणार नाहीत. सर्दी लागू देऊ नये. दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने जातीने येऊन दारू बाहेर काढावी, तिला ऊन द्यावे आणि पुन्हा मुद्रा करून ठेवावी. रात्रंदिवस पहारा असावा आणि परवानगीवाचून कोणी आसपास फिरकू नये. राज्यनीतीच्या ग्रंथात अमात्य मडकी कशावर ठेवायची इथपर्यंत उतरतात, कारण ओली दारू म्हणजे नि:शस्त्र किल्ला हे त्यांना पुरते ठाऊक होते. पावसाळ्यात मोहिमा थांबत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन होई, त्याला नद्या, चिखल, चारा अशी अनेक कारणे होती. त्यांत भिजणारा तोडा आणि सर्द दारू यांचीही भर घातली पाहिजे.

पुढे चकमकीची बंदूक आली आणि तोड्याचा विस्तव गेला. पानिपतावर इब्राहिमखान गारद्याची कवायती पलटणे होती; महादजी शिंद्यांनी द बॉयनकडून तशीच फौज उभी केली. तरीही गावोगावी तोडेदार बंदूक एकोणिसाव्या शतकात टिकून राहिली. तिला लागणारे भाग थोडे, आणि मोडले तर गावचा लोहार सांधून देई.

आता सुपे. शहाजीराजांच्या पुणे-सुपे जहागिरीतले हे गाव पुन्हा इतिहासात ठळकपणे येते ते १२ मे १८७५ रोजी. त्या दिवशी आसपासच्या गावांतले शेतकरी या बाजारपेठेत जमले आणि त्यांनी सावकारांना घेरले. त्यांना हवे होते कर्जाचे रोखे आणि वह्या. ते हिसकावून जाळले गेले, धान्याची दुकाने लुटली गेली, काही घरांना आगी लागल्या. दख्खनच्या दंग्यांची ही सुरुवात. दंगेकऱ्यांचा रोख प्रामुख्याने कागदावर होता, माणसाच्या जिवावर नव्हे. शेतकऱ्याची जमीन बंदुकीने नव्हे, रोख्याने गेली होती.

तीन वर्षांनी, लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत, १८७८ चा शस्त्र कायदा आला. सुप्याच्या दंग्यामुळे हा कायदा झाला असे म्हणण्यास आधार नाही. १८५७ नंतर नि:शस्त्रीकरणाचे धोरण चालूच होते. परंतु परिणाम असा झाला की बंदूकही आता कागदाच्या ताब्यात गेली. हिंदी माणसाला परवाना हवा, युरोपियनाला सूट. हा भेद लोकांना इतका झोंबला की १८८७ च्या मद्रास अधिवेशनात राष्ट्रीय सभेने त्याविरुद्ध ठराव केला.

स्वातंत्र्यानंतर १९५९ च्या कायद्याने वांशिक भेद काढला, परवाना ठेवला. प्रतिकृतीचा विचार करणाऱ्यांनी यातले कलम ४५ बारकाईने वाचावे. जुन्या घाटाचे किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेले शस्त्र कायद्यातून सुटते, पण ते दुरुस्त करूनही उडवता येणार नाही अशा अवस्थेत असेल तरच. केवळ ‘जुने’ असणे पुरत नाही. मग काल घडवलेली आणि गोळी फेकू शकणारी तोडेदार बंदूक कायद्याच्या दृष्टीने सरळ बंदूकच ठरते. ती विनापरवाना बनवणे हाही गुन्हा आहे. दारूचा प्रश्न वेगळाच, त्यासाठी १८८४ चा स्फोटक पदार्थांचा कायदा आहे. जिची नळी मुळातच भरीव आहे अशी शोभेची प्रतिकृती ही निराळी गोष्ट.

अन्यत्र चित्र वेगळे आहे. इटलीतील ब्रेशियाजवळच्या खोऱ्यात जुन्या बंदुकांच्या चालत्या प्रतिकृती बनवण्याचा मोठा धंदा आहे. ठासणीच्या बंदुकांच्या नेमबाजीची आंतरराष्ट्रीय संघटना १९७१ पासून स्पर्धा भरवते. तीत एक प्रकार तानेगाशिमा या जपानी तोडेदार बंदुकीच्या नावाने आहे. या छंदातून इतिहासाला उत्तरे मिळतात: मिनिटाला किती बार होतात, वाऱ्यात रंजक उडते का, काजळीने नळी किती बारांनंतर तुंबते. मराठी तोडेदार बंदुकीबद्दल हे प्रश्न परवानाधारक संस्थेने रीतसर हाती घ्यावेत असेच आहेत.

एक गोष्ट मात्र आजच उपयोगाची. जुन्या वाड्यात टांगलेली बंदूक ‘रिकामीच असणार’ असे कधीही धरू नये. कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनीही पेटू शकते, आणि अशा बंदुका भरलेल्या सापडल्याची उदाहरणे जगभर आहेत. तिला हात न लावता जाणकाराला बोलवावे. तो गज नळीत हलकेच सोडतो आणि आतली खोली बाहेरच्या लांबीशी ताडून पाहतो. गज अलीकडेच अडला तर आत काहीतरी आहे.

१९५९ च्या कायद्यात ठासणीच्या बंदुकीला एक खास जागा अजून आहे. कलम १३ मध्ये पिकांच्या राखणीसाठी तिच्या परवान्याची तरतूद आहे. काळविटांच्या आणि चिंकाऱ्यांच्या या माळरानावर एके काळी अशा बंदुकीला काम होते. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते बहुतांशी संपवले. सुप्याच्या माळावर १९९७ मध्ये मयूरेश्वर अभयारण्य घोषित झाले. क्षेत्र जेमतेम पाच चौरस किलोमीटर, आणि तिथे संरक्षण आहे ते चिंकाऱ्याला.