गेम फील
गेम फील म्हणजे व्हिडिओ गेममधील नियंत्रणांना मिळणाऱ्या प्रतिसादातून खेळाडूला येणारी हाताळणीची प्रत्यक्ष अनुभूती. स्टीव्ह स्विंक यांनी याच नावाच्या ग्रंथात (२००८) या संकल्पनेची सविस्तर मांडणी केली.

बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंतचा विलंब येथे निर्णायक ठरतो. तो जाणवू लागला की खेळाडू आपल्या चुकीचे खापर खेळावर फोडतो, आणि बहुधा ते रास्तही असते. सेकंदाला ६० फ्रेम दाखवणाऱ्या खेळात एक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकते. मात्र केवळ वेग पुरेसा नसतो. फटका बसताच चित्र क्षणभर गोठवल्यास तो फटका वजनदार वाटतो. अनेक खेळांत कड्यावरून पाय सुटल्यानंतरही काही फ्रेमपर्यंत उडी स्वीकारली जाते. ही सवलत सहसा लक्षातही येत नाही.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने विकसित केलेल्या आणि २०२० मध्ये प्रकाशित झालेल्या ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ या खेळातील नायिका भिंतीवर धावत जाऊन किंवा खांबाचा आधार घेऊन वार करते. अशा लढतीत धाव, झेप आणि वार यांच्यातील सांधा खेळाडूच्या हाताला जाणवू न देणे महत्त्वाचे असते.